मंगलाचं केळीचं बेट

मंगलाची कणीक अर्धी भिजली होती, तोच फोन वाजला. पिठाच्या हातानंच तिनं रिसीव्हर उचलला.

"वादळ निघालंय," पलीकडून नवरा, जयेश, म्हणाला. "आपल्या बेटाकडे."

आपलं बेट म्हणजे ही मंडळी राहत होती ते बहरीन नव्हे. ते सेंट ऑर्सोला, पार तिकडे कॅरिबियन समुद्रात. जयेशच्या बँकेनं तिथल्या बंदराला कर्ज दिलं होतं, म्हणून त्या बेटाचं वर्ष कसं जाईल याचा अहवाल दरवर्षी इथं बहरीनच्या राजधानीत, मनामात बसून जयेशनं लिहायचा. बेट त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी 'केळीचं पीक उत्तम' असं लिहून बसला आणि पिकावर रोग पडला. "पुन्हा चुकलास तर खलास," साहेब म्हणाले होते. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि लेकीची, सावनीची, दहावी मध्येच लटकणार. यंदा त्यानं लिहिलं होतं, बेटाच्या उत्पन्नात वाढ सव्वातीन टक्के.

तेव्हापासून मंगलानं ते बेट पदरात घेतलं होतं. रोजची स्तोत्रं झाली की डोळे मिटून म्हणायची, "देवा, तिथली केळी पोसू देत, हॉटेलं भरू देत." बाजारातली फिलिपिन्सची केळी घरात बंद. दुसऱ्याचा धंदा आपण कशाला वाढवायचा?

"आई, इट्स जस्ट अ रिपोर्ट," सावनी म्हणायची.

"रिपोर्ट नव्हे गं, तुझ्या बाबांची नोकरी आहे ती!"

आता वादळ म्हटल्यावर स्तोत्रांनी भागणार नव्हतं. मंगलाचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, ते तिला तोंडपाठ. हात धुऊन तिनं देवापुढे नारळ ठेवला. पण गाऱ्हाण्याला होकार द्यायला माणूस हवा. समोरच्या फ्लॅटमधले देवगडचे सिराजभाई नुकतेच हिद्दच्या गोदीतली शिफ्ट संपवून जिना चढत होते.

"सिराजभाई, दारातनंच 'होय म्हाराजा' म्हणा."

"म्हणतंय गे वयनी. पण कोणासाठी?"

"केळीसाठी."

सिराजभाईंनी जेवणाचा डबा खाली ठेवला. गावची सवय जाते कुठं? मंगलानं वडिलांच्या सुरात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा, ह्या बेटार जी काय इडापिडा येवक बघता, ती बाजूक सार रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा मजला दणाणला. मग हळूच, "इंशाल्ला."

तिसऱ्या दिवशी वादळ बाजूला वळलं. वर्षअखेर आकडे आले, वाढ बरोबर सव्वातीन. जयेश घरी आला तो बगलेत जाडजूड फाइल घेऊन.

"साहेब खूश! नोकरी दोन वर्षं वाढवून दिली. आणि आता शेजारच्या बेटाचा अहवालही मीच लिहायचा."

"कुठलं हो शेजारचं?"

"ते वादळ ज्याच्यावर गेलं ते. माणसं वाचली सगळी, पण केळी भुईसपाट."

मंगला देवाकडे वळली. "अरे देवा! बाजूला सार म्हटलं, पण बाजूला कोण राहतं ते पाहिलंच नाही मी!"

सिराजभाईंना कळलं तेव्हा तेही ओशाळले. "वयनी, 'होय' तर माझ्याच तोंडातसून गेला. अर्धा पाप माझा."

"पाप वाटून घेऊन केळी उभी राहतात का? या खेपेला देवाला नीट पत्ता सांगायचा. कुठं गाव आहे, कुठं नुसतं पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगला सावनीच्या शाळेच्या वाचनालयात नकाशांचं पुस्तक मागायला निघाली.