विमान उडू नये म्हणून

टेलरच्या टेबलाखाली चिंध्या साचतात ना, तसे किस्से साचतात. वेळेवर झाडले नाहीत तर एखाद दिवशी मांजर येऊन त्यात पिल्लं घालते. माझं टेबल मोताळ्याच्या बाजारात आहे, तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांचे किस्से रगड आहेत, पण ते राहू द्या. आज फक्त देवाभाऊच्या विमानाचे सांगतो. आणि मधे बोलू नका. मला मधे बोललेलं एरवीही चालत नाही, आज तर मुळीच नाही.

*

देवाभाऊ म्हणजे देविदास, आमच्याच वर्गातला. हवाई दलात अठरा वर्षं मेकॅनिक होता. विमानांच्या चाकांत हवा भरायची, ब्रेक तपासायचे, हे काम. विमानात बसून एकदाही उडाला नाही! कुणी विचारलं तर म्हणायचा, "बस म्हणून कोनी म्हनलं नाई, अन् मी इचारलं नाई."

जानेवारीत त्याच्या तोंडाचा रिपोर्ट आला, कॅन्सरचा. तंबाखूचा खर्रा, दुसरं काय! सोमवारी रिपोर्ट आला आणि त्याच आठवड्यात आमचा दोस्त रफीकभाई, त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात देवाभाऊनं मागवलेला एक लांबडा खोका आला. जुन्या काळातल्या विमानाचा किट. एकावर एक असे दोन पंख, हलक्या लाकडाच्या पट्ट्या, तारा, चाकं, बॅटरीची मोटार, आणि जमिनीवर उभं राहून उडवायचा रिमोट. पुरं झालं की पंखांची लांबी चार फूट.

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गर्दी जमली. वडनेर भोलजीचा एक शेतकरी पुढं घुसला.

"फवारनीचं ड्रोन हाय का भाऊ?"

"नाई. हे नुसतं उडते."

"नुसतं उडून काय करते?"

देवाभाऊनं थोडा विचार केला. "खाली येते," म्हणाला.

*

मी, रफीकभाई, आणि देवाभाऊच्या दोस्तांतला तिसरा गजानन सुतार. सागवानाशिवाय दुसऱ्या झाडाला तो लाकूड म्हणत नाही. किटमधली पट्टी त्यानं दोन बोटांत धरली, वास घेतला, आणि चिमटीत दाबली. कट्‌! मोडली.

"हे लाकूड हाय?" तोच आमच्यावर ओरडला. "याच्याहून आमच्या वावरातली तुऱ्हाटी मजबूत!"

आपल्या हातून मोडली म्हणून त्याला वाईट वाटलं होतं, पण सुतार माणूस तसं सांगतो थोडंच. दुसऱ्या दिवशी स्वतःहून नवी पट्टी करून घेऊन आला. अस्सल सागवानाची, पॉलिश मारलेली! शेपटीजवळ बसवलीही. विमान उचललं तर शेपूट सरळ खाली, नाक आभाळाकडं.

देवाभाऊला तेव्हा बोलता येत होतं, जीभ जड झाली होती एवढंच. म्हणाला, "गजानन, मले याले उडवाचं हाय. तू तं पलंग करून राह्यला बे!"

*

फेब्रुवारीत अकोल्याला ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला, जिभेचा मोठा तुकडा गेला, बोलणं गेलं. नातीची पाटी गळ्यात अडकवून तो दुकानात यायला लागला. खडू खिशात. अक्षर पहिल्यापासून देखणं, त्यामुळे शिव्यासुद्धा सुंदर दिसायच्या.

पंखांना कापड चढवायचं काम माझं. किटमध्ये प्लास्टिकचा कागद आला होता, पण जुन्या विमानाला कापडच पाहिजे, असा त्याचा हट्ट. मी पातळ कापड आणलं, आठ दिवस खपून दोन्ही पंखांना अभ्र्यासारखं शिवून चढवलं. काय फिटिंग बसलं होतं, सांगतो! देवाभाऊनं पंखावरून हळूहळू बोटं फिरवली. कडेला येऊन थांबला. आत काहीतरी जाड लागत होतं.

आता, आम्हा शिंप्यांची एक सवय असते. आत दीड इंच कापड दाबून ठेवायचं. पोरगं वाढतं, माणसाचं पोट सुटतं, मग उसवून सैल करून देता येतं. हात आपोआप तसाच चालतो. मी चारही कडांना दीड-दीड इंच मार्जिन सोडलं होतं!

देवाभाऊनं पाटीवर लिहिलं, "विमान वाढत्या अंगाचं हाय का बे टेलर?"

रफीकभाई हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मीही हसलो. देवाभाऊ रुमालानं लाळ पुसत होता. त्याच्या अंगातला शर्ट मी दोनदा आत घेतलेला होता. छाती चाळीस होती, मग अडतीस झाली, मग पस्तीस. डॉक्टरच्या आधी माझ्या टेपला कळत होतं, आणि ते मी कुणाला सांगत नव्हतो.

*

एप्रिलात सांगाडा उभा राहिला, चाकं लागली, मोटार फिरली. एका दुपारी देवाभाऊनं पाटीवर सावकाश लिहून ती आम्हा तिघांपुढं धरली.

"हे उडलं का, माहं अकोल्याले जाणं बंद."

डॉक्टरनं सांगितलं होतं, दर तीन आठवड्यांनी येऊन औषध चढवत राहिलं तर काही महिने जास्त निघतील. नाही आलं तर सांगता येत नाही. त्या औषधानं याचं काय होत होतं ते आम्ही बघत होतो. चार दिवस उलट्या, चार दिवस जमिनीवर पडून, मग जरा बसायला लागला की पुढची तारीख. त्याला ते नको झालं होतं. विमानापुरतं सोसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

त्यानं पाटी रफीकभाईच्या अगदी नाकासमोर नेली.

रफीकभाई म्हणाला, "मेरे को मराठी पढना नई आता, यार."

दहावीपर्यंत तो आमच्याच मराठी शाळेत होता. मराठीत वर्गात पहिला यायचा!

*

त्या दिवसापासून विमानाचं काम मंदावलं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं वगैरे काही नाही. आपापल्या धंद्याचं खोटं प्रत्येकाला पाठच असतं.

रफीकभाई म्हणायचा, "कंपनीतून पार्ट नई आया." गजानन म्हणायचा, "गोंद वाळून नाई राह्यला, हवेत लय ओल हाय." मे महिना! मोताळ्यात उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर चप्पल चिकटते, आणि याच्या हवेत ओल! मी वरच्या पंखाचं कापड उसवून ठेवलं आणि म्हणालो, "झोल पडला व्हता. उद्या देतो."

शिंप्याचा उद्या काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या शेरवान्या मी लग्न लागून गेल्यावर दिलेल्या आहेत. तीस वर्षं गिऱ्हाइकांचे तळतळाट घेतले त्या उद्यापायी. या वेळी मात्र दोन अकोल्याच्या तारखा मी त्याच्या जोरावर काढल्या. देवाभाऊ यायचा, उसवलेला पंख बघायचा, मान हलवायचा, आणि तारखेला मुकाट्यानं एसटीत जाऊन बसायचा.

*

मग एक दिवस विमानाचा पंखा सापडेना. नाकाला लागतो तो फिरणारा पंखा. मला वाटलं रफीकभाईनं दडवला, त्याला वाटलं मी. आम्ही एकमेकांकडं कौतुकानं बघत होतो.

आठवड्यानं मी देवाभाऊच्या घरी शर्ट द्यायला गेलो. हा चौथ्यांदा आत घेतलेला. तो आत झोपलेला. सुमनवहिनी, त्याची बायको, दळण काढत होत्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली ज्वारीची कोठी. त्यांनी कोठीत पायली खुपसून वर काढली, तर ज्वारीबरोबर पंखा वर!

दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. पदरानं वहिनींनी पंख्यावरची ज्वारी पुसली.

"भाऊजी, तुमी काई पायलं नाई."

"कायचं पायलं नाई, वहिनी?" मी म्हणालो. "पन कोठीत नका ठेवू. त्याईचा हात पोचते तिथं. माह्याकडं द्या."

पंखा मी शर्टाच्याच पिशवीत घालून आणला आणि दुकानात जुन्या मापांच्या वह्यांखाली ठेवला. त्या दिवशी मी स्वतःवर लई खूश होतो.

*

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, देवाभाऊ एकटा चालत माझ्या दुकानात आला. डोक्यावरून गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला. स्टुलावर बसला आणि दम घेत राहिला. मी पाणी दिलं, तर नळीतून घ्यावं लागतं असं त्यानं हातानं दाखवलं. मी विसरलो होतो.

त्यानं पाटी काढली. त्याचं ते देखणं अक्षर पार वाकडं आलं होतं.

"पंखा दे."

"कोनता पंखा?" मी म्हणालो. खोटं बोलायचंच म्हटल्यावर शेवटपर्यंत बोलायचं.

त्यानं पुसलं आणि परत लिहिलं. "तुमी मले जगवून राह्यले का सडवून राह्यले?"

मी चिडलो. हो, आजारी माणसावर चिडलो! "तुले काय वाटते, आमाले मजा येऊन राह्यली?" असं ओरडलो की समोरचा भाजीवाला उठून उभा राहिला. देवाभाऊ काही चिडला नाही. त्यानं गळ्याभोवतीचा दुपट्टा सोडला आणि मानेवरची पट्टी जरा बाजूला केली. आत काय होतं ते मी सांगणार नाही. वास मात्र दुकानातल्या नव्या कापडांना दोन दिवस येत राहिला.

मला माझी लाज वाटली. वाटलं, आपण दर वेळी उद्या म्हटलं, पण तो एकेक उद्या या माणसानं काढला, आपण नाही. वह्या बाजूला केल्या आणि पंखा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

त्यानं लिहिलं, "मार्जिन काप. पंख शीव. आज."

मी त्याच्यासमोर बसून शिवला. तीस वर्षांत सांगितल्या दिवशी दिलेलं ते माझं पहिलं काम.

*

आता शेवटचा.

जूनचा पहिला रविवार, पेरणीआधीची रिकामी वावरं. गजाननच्या भावाचं वावर सपाट होतं, तिथं सकाळी सहाला गेलो. वारा अजिबात नव्हता. मंगळवारी अकोल्याची तारीख होती. वहिनींनी अकोल्याची फाईल पिशवीत घालून वावरात आणली होती. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून देवाभाऊचा डावा हात कामातून गेला होता. रिमोटला दोन दांड्या असतात. डावी वेगाची, उजवी वळवायची आणि वर-खाली करायची. मग रफीकभाईच्या कॉम्प्युटरवर या दोघा नवराबायकोनं मिळून सराव केला होता. उजवी दांडी त्याची, डावी वहिनींची. रिमोटचा पट्टा त्याच्या गळ्यात, आणि वहिनी डाव्या अंगाला चिकटून उभ्या. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली, चार माणसांत एवढ्या जवळ त्या कधी उभ्या राहिल्या नसतील. उतरवायचं कसं, ते पक्कं ठरलेलं होतं. त्यानं कोपरानं ढोसलं की वहिनींनी वेग कमी करायचा, मग तो अलगद खाली आणणार. वेग कमी झाल्याशिवाय विमान उतरत नाही, आणि देवाभाऊच्या हिशेबात धड उतरल्याशिवाय ते उडलं म्हणायचं नव्हतं.

रफीकभाई विमान डोक्यावर धरून पळाला. वहिनींनी अंगठ्यानं दांडी पुढं सारली. रफीकभाईनं सोडलं. विमान जरा खाली दबलं, आणि मग ते उठलं!

उठलं हो! दोन्ही पंख उन्हात पिवळे झाले. गजानन "उडलं बे, उडलं!" करत ढेकळांतून नाचायला लागला. मला रडू आलं, लपवलं नाही. देवाभाऊला हसता येत नव्हतं, अर्धा चेहराच नव्हता, पण डोळे विमानाच्या मागं मागं फिरत होते. त्यानं एक चक्कर घातली, दुसरी घातली, आमच्या डोक्यावरून नेलं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या विमानांत हवा भरली होती त्यानं!

बॅटरी आठ मिनिटांची. रफीकभाई मोबाईलवर वेळ बघत होता. सहा मिनिटं झाली तेव्हा देवाभाऊनं वहिनींना कोपरानं ढोसलं.

विमान तसंच राहिलं. त्यानं आणखी एक चक्कर घातली आणि परत ढोसलं, जरा जोरात. मग मान वळवून वहिनींकडं बघितलं. वहिनी वर बघत होत्या.

गजाननचं नाचणं थांबलं.

"भाभी, सात मिनट हो गए," रफीकभाई म्हणाला. "स्पीड कम करो. बॅटरी खतम हुई तो गिर जाएगा."

"हाव," वहिनी म्हणाल्या.

अंगठा होता तिथंच होता.