शेजारचं पाणी

आत्मारामकाका रिटायर झाल्यापासून ओळखीच्यांसाठी फ्लॅट पारखतात. भाड्याने द्यायला म्हणून जूचंद्रला मी एक बघत होतो, तेव्हा त्यांनाच घेऊन गेलो. एजंट भाड्याचे आकडे ऐकवत होता.

"गप रे जरा," म्हणत काकांनी नळ सोडून पाहिले, भिंतींची ओल तपासली, मग सरळ शेजारची बेल वाजवून प्यायला पाणी मागितलं. शेजारच्या बाईंनी आत बसवून पाण्याबरोबर गूळही दिला.

"घे डोळे मिटून," बाहेर आल्यावर काका म्हणाले. "इथला भाडेकरू सोडून जायचा नाही."

परतताना मी विचारलं, "तुमच्या बिल्डिंगमध्ये कसे आहेत शेजारी?"

"काकू गेल्यापासून कुणाची बेल वाजवली नाही. वाजवली आणि कुणी दार नाहीच उघडलं, तर? मला पुढंही तिथंच राहायचंय."