दोन बाटल्या आणि एक दशांश सेकंद

माझा मामा घड्याळजी. वय एक्क्याऐंशी, तरी रोज दहाच्या ठोक्याला दुकान उघडतो. दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि भिंतीवर दुरुस्तीला आलेली सोळा घड्याळं. त्यांतली कुठलीही दोन एकच वेळ दाखवत नाहीत. हा माणूस एकेकाळी मोठ्या हिवाळी स्पर्धेत वेळ घ्यायला उभा होता, हे नव्या गिऱ्हाईकाला सांगितलं तर तो भिंतीकडे बघतो आणि नुसतं हसतो.

आमच्या गावाबाहेरचं तळं हिवाळ्यात गोठतं. पन्नास वर्षांपूर्वी त्या बर्फावर देशातली सगळ्यात मोठी स्केटिंगची स्पर्धा भरली होती. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण मला ती तोंडपाठ आहे, कारण आमच्या गावात त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. पाच हजार मीटरची शर्यत. एका वेळी दोघांनाच सोडायचं आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा मांडून नंबर काढायचे. भर दुपारी पहिल्या जोडीत आमच्याच गावचा नळ दुरुस्त करणारा एक तरुण उतरला. त्याची वेळ कोणालाच मोडता येईना. दिवस मावळताना शेवटच्या जोडीत आमच्याच गावचा बेकरीवाला उतरला आणि एक दशांश सेकंदाने जिंकला. बेकरीवाला दोन वर्षांपूर्वी गेला, त्याचं पदक अजून पावांच्या वरच्या फळीवर आहे. नळवाल्याचं मात्र त्या दिवसापासून नावच 'दुसरा' पडलं. नळ गळायला लागला की गावात सरळ म्हणतात, "दुसऱ्याला बोलवा." त्याच्या बायकोलाही लोक दुसऱ्याची बायको म्हणायचे. ती बिचारी आयुष्यभर नव्या माणसांना खुलासे करत राहिली.

महिन्याभरापूर्वी स्केटिंग मंडळाचे चिटणीस मामाकडे एक कागद घेऊन आले. पन्नास वर्षं झाली म्हणून तळ्याकाठी दगडी पाटी बसवायची होती, त्यावर पहिल्या तिघांची नावं आणि वेळा. वेळ घेणाऱ्या तिघांपैकी मामा एकटाच उरलेला. 'वरील वेळा बरोबर आहेत' याखाली त्याची सही हवी होती.

मामाने कागद ठेवून घेतला आणि सही काही केली नाही. चिटणीस तीन वेळा येऊन गेले. चौथ्यांदा मलाच लाज वाटली.

"मामा, एक सही करायला तुला काय धाड भरलीये?" मी विचारलं.

त्याने फळीवरून दोन बाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. बोटाएवढ्या, तपकिरी काचेच्या, अगदी सारख्या. एकीत घड्याळाला घालायचं नेहमीचं तेल, दुसरीत थंडीचं पातळ तेल. नेहमीचं तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं आणि घड्याळ मागे पडायला लागतं.

"स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिन्ही स्टॉपवॉच मीच साफ केली, मीच तेल घातलं," तो म्हणाला. "कुठल्या बाटलीतलं, ते आठवत नाही."

मला आधी काही उलगडाच होईना. तीन माणसं, तीन घड्याळं, तिघांच्या वेळा वेगळ्या आल्या तर मधली धरायची, असा नियम होता. मग घोळ होईलच कसा? मामाने शांतपणे समजावलं. एका माणसाचं बोट चुकलं तर नियम सावरून घेतो. इथे तिन्ही घड्याळं एकाच हाताखालून गेलेली. चुकली असली तर तिन्ही एकदम चुकली. दुसरा उतरला तेव्हा ऊन होतं. बेकरीवाला उतरला तोवर घड्याळं चार तास बर्फावरच्या टेबलावर पडून गारठली होती. मागे पडणारं घड्याळ माणसाला आहे त्यापेक्षा वेगवान दाखवतं.

"पण किती मागे पडणार?"

"दिवसाला अठरा सेकंद पडलं, तरी आठ मिनिटांत एक दशांश होतो."

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडतं आणि आम्ही ते चालवून घेतो. माझं डोकंच चालेना.

त्या स्पर्धेनंतरच्या वसंतात मामाने थंडीच्या तेलाची बाटली उचलली तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली दिसली होती. म्हणजे त्यातलं तेल वापरलंच नव्हतं की काय? पण बाटली नवीन होती, आणि तीन घड्याळांना मिळून तेल लागतं किती? सुईच्या टोकावर मावेल एवढं. तेवढ्याने बाटली थोडीच उतरते? पन्नास वर्षं हा माणूस त्या बाटलीकडे बघत बसला आणि कोणाला बोलला नाही. मामीलाही नाही. मला त्याचा राग आला, आणि लगेच इतकी कीव आली की मी उठून त्याच्या टेबलावरची धूळ पुसायला लागले.

"दुसऱ्याला सांगायला हवं," मामा म्हणाला.

मी आधी म्हटलं सांग. मग म्हटलं नको. बेकरीवाल्याच्या मुलींचा काय दोष? मग वाटलं, आणि दुसऱ्याचा काय? शेवटी मी म्हटलं, "तुझं तू बघ." एवढा वेळ वाद घालून मला सुचलं ते हेच.

मामा लगेच सकाळी दुसऱ्याच्या घरी गेला, आधाराला मी. दुसऱ्याचं वय आता चौऱ्याहत्तर. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाईप उघडून बसला होता. मामाने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याने पाना खाली ठेवला.

"म्हणजे मी पहिला आलो होतो?"

"माहीत नाही."

"आलो असेन?"

"असशीलही. नसशीलही."

त्याने फडक्याला हात पुसले. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो हळू आवाजात म्हणाला, "पहिली दहा वर्षं मला झोप लागली नाही. मग लागायला लागली. म्हटलं, आहोत आपण दुसरे. निदान तेवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही आज तेही नेलंत."

त्या रात्री मामा छान झोपला, याची मला चीड आली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुसरा दुकानात हजर. "आठवलं का?" मामाने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा, मग रोजच. तो बाटल्या उजेडात धरायचा, हुंगायचा, मामाला खोदून खोदून विचारायचा: कुठल्या हाताने उचललीत, टेबल तेव्हा कुठे होतं, खिडकी उघडी होती का. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. डोळे खोल गेले होते. लोकांचे नळ गळत पडले.

काल त्याने स्टूल ओढलं, पण बसला नाही.

"घड्याळजी, काहीही सांगा. पण एकच काहीतरी सांगा."

मामाने हातातलं काम ठेवलं. दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"थंडीचं होतं," तो म्हणाला. "आठवलं मला. थंडीचंच."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे मी दुसराच."

"दुसराच."

त्याने टोपी घातली, दाराशी थोडा थांबला आणि गेला. मामाने ड्रॉवरमधून मंडळाचा कागद काढला आणि सही केली. सही जराशी वाकडी आली.

"खरंच आठवलं?" मी विचारलं.

मामाने बाटल्या परत फळीवर ठेवल्या.

"जाताना त्याचा चेहरा बघितलास ना तू?" तो म्हणाला. "बरं वाटलं त्याला, की वाईट?"

मी बघितला होता. मला त्यातलं काहीही कळलं नव्हतं.

"बरं वाटलं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मामाने मान डोलावली आणि भिंग डोळ्याला लावलं.