दामूच्या नावाची ओ

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस, कोकणातला असूनही. शिकलो मराठी चौथीपर्यंतच, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पण हे ऐकलेलं माझ्या कानांनी आहे... आणि केलेलं माझ्याच तोंडाने.

वऱ्हाडात जळगाव जामोदला कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. गाव लांब, ओळख कुणाची नाही. जिनच्या मागच्या गल्लीत एका विधवा मावशींनी खोली दिली आणि जेवायलाही घरातच वाढू लागल्या. त्यांचा एकुलता दामू ब्रह्मदेशात रंगूनला गोदीवर कामाला गेलेला. मला त्याचीच गोधडी मिळाली, त्याचीच पितळी थाळी. हाक मारताना मावशी चुकून "दामू" म्हणायच्या. सुरुवातीला मी सांगायचो, मी दामू नाही. मग सोडून दिलं. ओ दिली की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि ठेच्यावर तेलाची धार जरा जास्त पडायची. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच.

जिनमध्ये लढाईच्या गप्पा चालायच्या. आमचा फिटर म्हणायचा, बॉम्ब म्हणजे काय, कापसाची गाठ वरून पडल्यावानी. आम्ही हसायचो. मीसुद्धा.

एक्केचाळीस सालच्या डिसेंबरातला मंगळवार होता — मावशींचा उपास, म्हणून वार लक्षात आहे. माझी दुपारची पाळी. सकाळी नऊच्या सुमाराला मी अंगणात उभा राहून आभाळात घिरट्या घालणारी घार पाहत होतो. मावशी माझी भाकरी थापता थापता उठून दारात आल्या, हात पिठाचे तसेच.

"दामू, अंदर ये. वर काय पाहून राह्यला? अंदर ये लवकर."

"ओ, आलो," म्हणत मी आत गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दारातच उभ्या राहिल्या. तव्यावरची भाकरी जळली.

रंगूनवर बॉम्ब पडल्याची बातमी नंतर आली. दामूचं पत्र काही आलं नाही.

उन्हाळ्यात शंकर आला. दामूबरोबर गोदीवर होता, जवळच्याच खेड्यातला. जंगलातून चालत आलेला, पायांना चिंध्या बांधलेल्या. मावशी विहिरीवर गेल्या होत्या, म्हणून मला ओट्यावर आधी सांगितलं.

"त्या मंगळवारी धाच्या सुमाराले सारे रस्त्यावर उभे होतो गा, जपानची इमानं पाहाले. जत्रेवानी. बाया लेकरं कडेवर घेऊन. दामू मधातच वळला, म्हणे आई हाक मारून राह्यली. आमी हासलो त्याले. दोन पावलं घराकडं गेला आन थांबला. म्हणे, हाक मले नाही, तिले कोणी तरी ओ देल्ली. आन पुन्हा वर पाहाले लागला."

बॉम्ब पडला तेव्हा शंकर गटारात फेकला गेला म्हणून वाचला. उठला तेव्हा रस्ताभर माणसं पडलेली, बायका, लेकरं, आणि कितीकांचे डोळे अजून वरच, दामूचेही.

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मावशी आल्या. शंकरचे पाय पाहूनच त्यांनी काय ते ओळखलं. घागर खाली ठेवली. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "शंकर, त्या मंगळवारी म्या त्याले हाक मारली होती. याले नाही, त्याले. आयकली का रे त्यानं?"

शंकरने तोंड उघडलं. त्याच्या आधी मीच बोललो.

"नाही मावशी. विमानांचा आवाज फार होता."

शंकर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान खाली घातली.

तिकडचं घड्याळ तासभर पुढे असतं म्हणतात, आपले नऊ म्हणजे तिकडचे दहा. कुणी म्हणेल, शंकरचं डोकं ठिकाणावर नसेल, योगायोग असेल. मी सगळं जुळवून पाहिलं, वेळ तंतोतंत बसते. हाक एवढ्या लांब कशी पोचली, मला अजून कळलेलं नाही. मी मधे का बोललो, ते कळतं.

त्या दिवशीही मावशींनी थाळी वाढली, दामूचीच. मी जेवलो.