आमरसाची मोटर

मी कॉलेजात द्रवांचा प्रवाह शिकवतो आणि घरी मला कुणी ताकाचा गडवा उचलू देत नाही.

या दोन्हींच्या मुळाशी आमची कुसुमताई आहे. ताई दिली मुकुटबनला, मी बाभुळगावात. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी. दर उन्हाळ्यात आमरसाच्या जेवणाला ती सकाळी येते, आल्या आल्या पदर खोचते, सगळ्या पंगतीला रस वाढते, शेवटी उभ्याउभ्या दोन घास खाते आणि "म्हशीले कोन पाहीन रे?" म्हणत संध्याकाळच्या यष्टीनं परत! बोलायचं सगळं माझ्या पोटातच राहतं. (रसाच्या खाली.)

तिचं वाढणं मात्र बघत राहावं. गडव्यातून धार अशी पडते, की ती हलतेय का थांबलीय कळू नये. लहानपणी मी त्या धारेत बोट घालायचो आणि पाठीत धपाटा खायचो. आता त्या धपाट्याचीही फार आठवण येते. वर्गात मी हेच शिकवतो. दाट द्रव, हळू चाल, की थरावरून थर गुपचूप सरकतात. पातळ द्रवाला घाई केली, की थर एकमेकांत घुसतात, भोवरे उठतात. नळ थोडा उघडला की काचेसारखी धार, पूर्ण सोडला की अंगभर शिंतोडे!

गेल्या वर्षी ठरवलं, ताईला बसवायचंच. वाढायला मोटर लावायची! शेजारचे रफिकभाई कूलर दुरुस्त करतात. त्यांना गाठलं.

"सर, रसाले मोटर?"

"कूलरची, पण नवीकोरी. संथ धार पाहिजे. ताई उठली नाही पाहिजे."

"ताई बसून राहीन तं आपून फुकट लावतो!"

लावली. रसाच्या बादलीत सोडलेली मोटर नुसतीच गुणगुणली, पाइपातून थेंब येईना. रफिकभाई म्हणाले, "दम नाही हिच्यात." त्यांनी लग्नाच्या मांडवातल्या मोठ्या कूलरची नवी मोटर आणली. मी बादलीत दूध ओतून रस पातळ केला. म्हणजे दाटपणा मी घालवला आणि घाई त्यांनी आणली. वर्गात जे करू नका म्हणून ओरडतो, ते सगळं झालं!

पंगत बसली. ताईला हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं.

"मले असं बसवत नाही रे. हात रिकामे राह्यले की कसंतरीच होते."

"आज बस. दोन गोष्टी बोलू."

मोटर सुरू झाली. रस तिच्या वाटीत आदळून बाहेर उडायला लागला. धार आवरायला मी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. अंगणात पाणी मारताना अख्खा जिल्हा हेच करतो! जागा कमी, म्हणून वेग दुप्पट; रसाचा फवारा सुटला तो थेट वरच्या पंख्यावर. आणि पंखा चालू होता! (पंख्यानं पंगतीत कुणालाच उपाशी ठेवलं नाही.)

"बंद करा!" मी ओरडलो. रफिकभाईंनी पिन ओढली. खिडकीतला कूलर बंद झाला.

"अहो, मोटर! मोटर!"

"सर, दोन्ही कूलरच्याच मोटरी हाय! कोनती काढू?"

"अवो, पाइप तं सोडा!" माझी बायको सुनंदा ओरडली. मी आज्ञाधारक नवरा, सोडला. पाइप पंगतीभर नाचला. शेवटी ताईच उठली, डोळ्यांवरचा रस पुसत शांतपणे बटण बंद केलं आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

किती वर्षांनी! मला रडू आलं. रस डोळ्यांत गेला, असं मी सांगितलं.

ताईचं लुगडं धुऊन दोरीवर गेलं. सुनंदाचा गाऊन घालून ती खाटेवर बसली. "आता हे घालून मी यष्टीत बसू? लोकं काय म्हनतीन?" मुकुटबनला फोन केला, तर सुनेनं म्हैस केव्हाच दोहून ठेवली होती. ताई जराशी हिरमुसली. "म्हैस तिच्या हातानं दूध देते म्हने!" मग उरलेला रस मी तिला स्वतः वाढला. अर्धा ताटात सांडला, पण ती उठली नाही. आईच्या, शाळेच्या, त्या धारेतल्या बोटाच्या गोष्टी निघाल्या. सकाळच्या यष्टीत बसवून आलो, तर घर रिकामं रिकामं वाटलं.

कूलरच्या मोटरीनं ताई एक मुक्काम राहिली. यंदा मी रफिकभाईंकडे विहिरीवरच्या मोटरीची चौकशी करून ठेवली आहे!