झोपघरातला बारक्या

घड्याळजीच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नसे. शेजारचा चावीवाला म्हणायचा, तुला वेळ विचारण्यापेक्षा आभाळाकडे बघितलेलं बरं. घड्याळजी हसायचा, डोळ्याला भिंग चढवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. गिऱ्हाइकाचं घड्याळ तो काट्याला काटा लावून परत द्यायचा, त्यात हयगय नाही. पण भिंतीवरची त्याची स्वतःची होती, आणि स्वतःच्या वेळेचं त्याला फारसं काही पडलेलं नव्हतं.

दुकान म्हणजे बाजाराच्या इमारतीतली जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून माणूस दिवसभर बसूनच. डोक्यावरून लोक वर जायचे, खाली यायचे. नुसत्या पावलांवरून त्याला वरच्या मजल्यावरचा शिंपी कोण आणि विमावाल्या बाई कोण ते कळायचं. त्यांची तोंडं मात्र त्याला धड आठवत नसत. असा हा नाकासमोर चालणारा माणूस. आपण बरं की आपलं काम बरं. लग्न झालं नाही, का झालं नाही हे विचारणारी आईही आता राहिली नव्हती. ती होती तोवर संध्याकाळी घरी गेल्यावर निदान बोलणी खायला मिळायची. आता दोन खोल्या, आईची रिकामी कॉट आणि हा. एकटेपणाची सवय होते असं जे म्हणतात, ते बहुतेक एकटं न राहिलेले लोक म्हणत असावेत.

ताई होती, पण ती लांब, दुसऱ्या देशात. आणि अंतरापेक्षा अबोला मोठा होता. आई आजारी पडली तेव्हा ताई पोटुशी होती, तेही बरंच उशिरा, त्यामुळे ते सगळं नाजूक होतं. डॉक्टरांनी तिला कॉटवरून उठायलासुद्धा बंदी केली होती. म्हणून घड्याळजीने फोनवर दर वेळी सांगितलं की आई बरी आहे. आई जाईपर्यंत फोनवर ती बरीच होती. ताई तान्ही पोर घेऊन आली तेव्हा सगळं उरकून कितीतरी दिवस झाले होते. स्वयंपाकघरात उभी राहून ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारायचं तरी." मग निघून गेली. त्यानंतर वाढदिवसाला दोन ओळींचे निरोप, तेही एका वर्षी आले नाहीत. घड्याळजीचं म्हणणं असं की त्याने तिच्या भल्यासाठीच केलं, आणि भलं करायला गेलेल्यावर कुणी राग धरत नसतं. हे म्हणणं त्याने चावीवाल्याला ऐकवलं होतं. चावीवाल्याने कानस चालू ठेवून मान हलवली होती, आणि तेवढ्यावर घड्याळजीने आपला खटला जिंकला होता.

तर एका सुट्टीच्या दिवशी आईचं कपाट आवरताना, शालींच्या खाली, त्याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत आईचा मोडका चष्मा, ताईच्या हॉस्टेलची किल्ली आणि हातात धरून खेळायचा तो करडा व्हिडिओ गेम, कॅसेट आत घातलेली.

तो खेळ बाबांनी आणला होता. बाबा बोटीवर कामाला. वर्षाकाठी एकदा उगवायचे, पेटी उघडायचे आणि पेटीतल्या वस्तू घराला सरावतात न सरावतात तोच पुन्हा पेटी भरायचे. त्या खेळात चार वीर एका मोठ्या मुलखातून चालत जायचे, राक्षसांशी लढायचे आणि शेवटी डोंगरावरच्या काळ्या किल्ल्यात शिरायचे. सुरुवातीलाच खेळ विचारायचा, तुमच्या वीरांची नावं काय? ताईने क्षणाचाही विचार न करता घातली: बाबा, आई, ताई, बारक्या. बाबा तलवारवाले. आई जखमा बऱ्या करणारी. ताई जादूवाली, अर्थातच. आणि बारक्या भुरटा चोर, कारण उरलं तेवढंच होतं. खरं सांगायचं तर ते चौघं सलग एकत्र राहिले ते फक्त त्या खेळात. घरात नेहमी एक पान कमी असायचं, आणि पुढे बाबा गेले तेव्हा ते कायमचं कमी झालं.

खेळ कुठेही थांबून राखून ठेवता यायचा, पण राखलेला खेळ एकच; नवा राखला की जुना पुसला जायचा. त्यामुळे दोघांनी मिळून एक पट खेळायचा आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याआधी वीरांना गावातल्या सराईवजा घरात नेऊन झोपवायचं, असा कायदा होता. त्या घराला दोघं झोपघर म्हणत. तिथे कुणी मारायला येत नसे. पण लढाईत बारक्या सगळ्यांत आधी मरायचा. त्याच्या नावापुढे शून्य आलं की खरा बारक्या, म्हणजे आजचा घड्याळजी, घर डोक्यावर घ्यायचा. ताट सरकवून द्यायचा. आई सांगून थकायची की अरे, देवळात नेलं की जिवंत होतोस ना तू. ते त्याला पटायचं, पण भूक काही लागायची नाही.

मग ताई शिकायला हॉस्टेलवर गेली, आणि यंत्र घेऊन गेली. महिन्याभराने परत देते म्हणाली. ते परत आलं तेव्हा बारक्याला मिशी फुटली होती, आणि आईने ते मुकाट्याने कपाटात ठेवून दिलं होतं. बहिणीवर धरलेला तो त्याचा पहिला राग. पुढे बऱ्याच रागांची भर पडली, पण खाली तळाशी हाच होता.

त्याने यंत्रात नवे सेल घातले. स्क्रीन हिरवट उजळली आणि तीच धून वाजली. ताईचा खेळ तसाच होता. वीर काळ्या किल्ल्यातल्या अगदी शेवटच्या दारासमोर उभे होते. दार उघडलं की अखेरची लढाई. बाबा होते, आई होती, ताई होती. चौथी जागा रिकामी होती.

त्याने तीनदा बटणं दाबून पाहिलं. बारक्या नव्हता. मग त्याला आठवलं, झोपघरात एखाद्याला मागे सोडूनही जाता येतं. किल्ल्यातून उतरून, जंगल ओलांडून, वाटेत भेटेल त्या राक्षसाला चुकवत तो तिघांना घेऊन त्या गावापर्यंत आला. तिथे कोपऱ्यातल्या खाटेवर बारक्या पडलेला होता. झोपघरवाल्याने विचारलं, तुमचा सोबती आराम करतोय, त्याला न्यायचं का?

घड्याळजीचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. या वयात माणसाला असल्या गोष्टीचं वाईट वाटू नये. पण वाटलं, आणि चांगलंच वाटलं. आईबाबांना घेऊन ती शेवटाला गेली आणि आपल्याला मागे टाकून गेली, एवढंच त्याच्या मनात घोळत राहिलं. तरीही त्याने 'हो' दाबलं नाही. बारक्याला उठवून खेळ राखून ठेवला असता, तर ताई जिथे थांबली होती ती जागा पुसली गेली असती. राग आपल्या जागी. पण आई, बाबा आणि ताई एका दारासमोर एकत्र उभी असलेली जगात ही एकच जागा उरली होती, आणि ती त्याला जशीच्या तशी हवी होती. काहीही न राखता त्याने यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तो ते दुकानात घेऊन गेला. इतक्या वर्षांच्या वस्तूचा भरवसा काय? आतून एकदा बघून, पुसून घेतलेलं बरं. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिणारा माणूस तो. त्याने कॅसेटचे स्क्रू काढले, भिंग लावलं, आणि आत त्याला एक बटण सेल दिसला. घड्याळात असतो तसाच, फक्त मोठा आणि पत्र्याच्या पट्टीला डाख देऊन पक्का केलेला. मीटर लावून पाहिला तर अगदी मरायला टेकलेला. घड्याळजीला हायसं वाटलं. वेळेवर सापडला म्हणायचा. त्याच्या हाताला अशा वेळी कुणाला विचारायची सवयच नव्हती. आजवर शेकडो मनगटांवरच्या घड्याळांत त्याने हेच केलेलं होतं: जुना उचलायचा, नवा बसवायचा, काटे लावून द्यायचे. त्याने डाख सोडवला, चिमट्याने सेल उचलला, नवा बसवला, फुंकर मारली आणि झाकण लावलं.

चावीवाला मान लांब करून बघत होता. आता शंभर वर्षं चालेल, असं त्याला सांगून घड्याळजीने बटण दाबलं. धून वाजली. आणि खेळाने विचारलं, तुमच्या वीरांची नावं काय?

त्याने बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तोच प्रश्न. मग त्याला उमगलं. घड्याळातला सेल नुसता काटे फिरवतो. काढला तरी बिघडत नाही, वेळ पुन्हा लावता येते. हा सेल काही फिरवत नव्हता. तो इतकी वर्षं फक्त त्या चौघांना धरून बसला होता. करायला गेला एक आणि झालं भलतंच. बाहेरच्या कुणाकडून हे झालं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. चावीवाल्याने विचारलं, काय रे, चालेना का? चालतंय, असं म्हणून घड्याळजीने भर दुपारी दुकान बंद केलं.

घरी येऊन तो आईच्या कॉटवर बसला. काय गेलं हे कुणाला सांगावं? चावीवाल्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंच ना, खेळ पुन्हा. जगात एकच माणूस असं होतं, ज्याला हे सांगितल्यावर समजावून द्यावं लागलं नसतं. त्याने फोन लावला.

"काय झालं?" ताईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"काही नाही. कुणाचं काय होणार आता? मीच उरलोय."

मागे पाणी वाहत होतं, ते तिने बंद केलं. मग त्याने सगळं सांगितलं: डबा, कॅसेट, शेवटचं दार, सेल. ताई, किती वर्षांनी कोण जाणे, हसली. म्हणाली, घड्याळजी ना तू, सेल बदलून मोकळा झालास. तोही हसला, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"मला झोपघरात टाकून गेली होतीस," तो म्हणाला.

तिला आठवायला वेळ लागला. "टाकून नाही रे, ठेवून. तू मेलास की जेवायचा नाहीस. हॉस्टेलवर तुझ्या नावापुढे शून्य आलं की मला ते बघवायचं नाही. वाटायचं, घरी याने आज पण ताट सरकवलं असेल. म्हणून ठेवलं. तिथे कुणी मारत नाही."

"मग शेवटच्या दारापर्यंत गेलीस. आत का नाही गेलीस?"

"तुला सोडून?"

जे तोंडाशी आलं ते तो बोलून गेला. "मला विचारायचं तरी."

बोलल्यावर त्याला ऐकू आलं. हेच वाक्य, याच घरातल्या स्वयंपाकघरात, दुसऱ्या आवाजात. त्या दिवशी ताईला कसं वाटलं असेल हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं आणि नंतरही कळलं नव्हतं. आता कळलं. ताई म्हणाली, "हं. असंच वाटतं."

त्यावर त्याने माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. त्याने पहिल्यांदाच तिला आईबद्दल सांगितलं. शेवटच्या दिवसांत आई काय बोलायची, काय खायची, ताईचं नाव कितीदा घ्यायची, ते सगळं. ती ऐकत राहिली. मध्ये पोर रडायला लागली, तेव्हा तिला कडेवर घेऊन ऐकत राहिली. मग तिने विचारलं की आता स्क्रीनवर काय आहे.

"चार नावं मागतोय."

"घाल मग. तीच."

"आईचं पण?"

"आईचं पण. बाबांचं पण." मग ती म्हणाली, "आणि बारक्या, कुणाला मागे ठेवायचं झालं, तर आधी फोन कर."

फोन ठेवल्यावर खोली होती तशीच रिकामी होती. आईच्या कॉटवर बसून त्याने एकेक अक्षर शोधत चारही नावं घातली. चौघं पहिल्या गावात उतरले, अंगावर नुसते साधे कपडे, कुणाच्या हातात धड काठीसुद्धा नाही. तो त्यांना रांगेने झोपघरात घेऊन गेला. झोपघरवाल्याने विचारलं, कुणाला इथे ठेवून जायचं आहे का? घड्याळजीने 'नाही' दाबलं, आणि नीट दाबलं ना, याची खात्री करायला पुन्हा एकदा आत जाऊन तोच प्रश्न विचारून घेतला.