कैलासवासी हजर

जवळ सरका मंडळी. बुवांच्या गळ्यात हार पडलाय, उत्तररंगाला अवकाश आहे, तोवर ह्याच खांबाशी घडलेलं सांगते.

दासनवमीचं, ह्याच रामापुढचं दुपारचं कीर्तन. सुलभा खटावकर खांबाला टेकून बसली आहे. सकाळीच शाळेत जाऊन आली आहे. हेमांगी, तिची सातवीतली पोर, आठवडाभर शाळेचं नाव काढत नाही. बोकील सर तोंडातली सुपारी चघळत म्हणाले, एकट्या बाईच्या हाताखालची पोरं अशीच मागे पडायची, धाक नसतो ना. गणित कच्चं राहिलं त्याचं खापरही त्यांनी तिच्या मेलेल्या नवऱ्यावर, पद्माकरवर फोडलं. दीर तर टपूनच होते. शाळा पुरे, पोरीला पोळ्यांच्या ऑर्डरींना हाताशी घ्या, म्हणाले. कीर्तन संपलं की त्यांना ‘हो’ सांगायचं, असं ठरवूनच सुलभा आली आहे.

पोरीला खाल्लं ते एका अक्षराने आणि एका टिंबाने. नाव दाखल करताना सुलभानेच ‘हेमांगी कै. पद्माकर’ असं लिहून दिलं होतं. गेलेल्या नवऱ्याचं नाव नुसतं कसं लिहायचं? सर ते ‘कै.’ रोज पूर्ण उलगडून, चवीने वाचतात. वर्ग खिदळतो. पोरीला सगळे कैरी म्हणतात.

बुवा धृपद घोळवतात. झांजा लांब लांब जातात. सुलभाच्या पापण्या मिटतात आणि पाठीशी टेकलेला खांब शाळेच्या व्हरांड्याचा होतो.

वर्गात शेवटच्या बाकावर पद्माकर बसलाय. गुडघे बाकात अडकलेले, कपाळी बुक्का, मांडीवर त्याच्या झांजा. जन्मभर बुवांच्या मागे उभा राहून वाजवल्या त्याच.

“अहो, तुम्ही इथे?”

“बोलावतात म्हणून येतो. रोज बोलावतात.”

“आणि हेमा?”

“तिला कोण बोलावतंय?”

सर नाव पुकारतात, “हेमांगी कैलासवासी पद्माकर खटावकर.” पद्माकर धडपडत उठून म्हणतो, “हजर.” सर समाधानाने पुढचं नाव घेतात.

बाकांचे पोळपाट झाले आहेत. त्यांवर आंबलेली कणीक, कणकेवर माश्या. दीर मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाटत फिरताहेत. “घ्या की वहिनी, घरचीच आहे.” सुपारीचा वास, ओली बोटं, वर ते गोड हसू. सुलभा फोड न घेता तोंड फिरवते.

“मी दमलो गं,” पद्माकर म्हणतो. “झांजवाल्याने मागे उभं राहायचं. तू मला पोरीच्या पुढे उभं केलंस.”

“मान म्हणून लिहिलं हो.”

“मला मेल्यावर कसला मान? मागे घे मला.”

फळ्यावर तेच नाव आहे. डस्टर नाही, म्हणून सुलभा तळहातानेच पुसते. ‘कै’ जातो, टिंब जात नाही. ती घासते, घासतच राहते. पुसून होतं तेव्हा फळ्यासमोर हेमा उभी असते आणि पद्माकर तिच्यामागे झांजा जुळवत असतो.

“आता घे नाव,” तो म्हणतो.

झांजा कानाशी कडाडतात आणि सुलभा जागी होते. शेजारची कमलाकाकू हसते, “घोरत होतीस गं, बुवा दोनदा थांबले.” बुक्का लावणारा समोर आलाय. सुलभा कपाळ पुढे करते, पण तो तिच्या हाताकडे बघत राहतो. तळहात मनगटापर्यंत खडूने पांढरा झालाय.

दारात दीर उत्तरासाठी उभे आहेत. मूठ घट्ट मिटून ती त्यांच्या अंगावरून पुढे जाते. शाळा सुटायला अजून वेळ आहे, पटावरचं ते ‘कै.’ आजच खोडून घेता येईल.

मंडळी, एवढं करा. पद्माकरचं भागलंय, त्याच्या झांजा रामापाशी आहेत. आरतीत आठवण ठेवाल ती पोरीची ठेवा. आणि मागेपुढे काही न लावता, नुसतं हेमांगी म्हणा.